तयारराव आणि राखीव कचेरी

नवरा म्हणून तयाररावाचा उल्लेख झाला की त्याच्या बायकोला आधी हसू यायचं आणि मग राग यायचा. हसू त्याच्या कामाचं, आणि राग ते काम विचारणाऱ्याचा. कारण तयारराव चांगला सरकारी नोकर होता, पक्का, पेन्शनवाला, रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडणारा. आणि तरीही गेल्या अकरा वर्षांत त्याच्या कचेरीत एकही माणूस काम घेऊन आला नव्हता. यायचा प्रश्नच नव्हता. ती कचेरी राखीव होती.

आता राखीव कचेरी म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल इथे थापा चालल्या आहेत. अकरा वर्षांपूर्वी नदीला पूर आला आणि नोंदणी कचेरीत कमरेएवढं पाणी शिरलं. जन्म, मृत्यू, लग्नं, घरांचे कागद, सगळ्याची नोंद त्या एका इमारतीत. पुढे दोन महिने कचेरी बंद. त्या दोन महिन्यांत जन्मलेली पोरं घराघरांतून टाहो फोडत होती, पण कागदावर ती जन्मलेलीच नव्हती. लग्नं लागली, ती सरकारच्या लेखी लागलीच नाहीत. गेलेली माणसं दप्तरात धडधाकट जिवंत, आणि त्यांच्या नावाने पत्रं येतच होती. गावभर बोंबाबोंब झाली. मग वरून फर्मान निघालं, की यापुढे पूर येवो, आग लागो, काहीही होवो, कचेरीचं काम एक दिवस म्हणून थांबता कामा नये. आराखडा करा, पर्यायी जागा ठरवा, माणूस नेमा.

आराखडा झाला. पिवळ्या पुठ्ठ्याचा, दोनशे पानी. जागाही ठरली. जुन्या बंबखान्याचे बंब नव्या इमारतीत गेले होते, त्याचा वरचा मजला मोकळा होता. मुख्य कचेरीपासून चालत पाऊण तास, आणि चढावर. म्हणजे पुराचं पाणी पोचणार नाही पण माणसं पोचतील. राहता राहिला माणूस. रिकाम्या खोलीत एकटं बसायला जाणार कोण? बैठकीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. भांडार विभागातला एक कारकून तेवढ्यात पाणी प्यायला बाहेर गेला होता. तो परत आला तेव्हा सगळे त्याचं अभिनंदन करत होते.

तोच आपला तयारराव. हे नाव त्याला नंतर पडलं. आराखड्याच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, की राखीव कचेरीच्या प्रमुखाने रोज सकाळी दहाच्या ठोक्याला मुख्य कचेरीत फोन करून कचेरी सज्ज असल्याचं कळवावं. तिथे फोनवर एक बाई बसायच्या, सगळे त्यांना हॅलोताई म्हणायचे. रोज दहाला फोन वाजायचा आणि पलीकडून एकच वाक्य यायचं, "राखीव कचेरी तयार आहे." हॅलोताई म्हणायच्या, "बरं बाबा." पहिल्याच महिन्यात त्यांनी त्याचं बारसं करून टाकलं.

दुसरा कुणी असता तर तिथे पेपर वाचत, डुलक्या काढत पेन्शनपर्यंत आरामात पोचला असता. पण हा गडी त्यातला नव्हता. त्याने त्या खोलीला जीव लावला. सोळा टेबलं, सोळा खुर्च्या, प्रत्येक टेबलावर दोन पेनं, एक टाचणीची डबी, एक शाईची गादी. पेनं दर सोमवारी कागदावर गिरवून बघायची. गादी वाळू नये म्हणून आठवड्यातून दोनदा दोन-दोन थेंब शाई सोडायची. जनरेटर शुक्रवारी दहा मिनिटं चालवायचा. मुख्य कचेरीतल्या नोंदींची एक प्रत दर शनिवारी गठ्ठा बांधून यायची, ती तारखेप्रमाणे लावायची. आणि खोलीत यायचं ते चपला-बूट बाहेर काढून. हा नियम आराखड्यात नव्हता, हा त्याचा स्वतःचा. खुर्च्यांवर तो कधी बसला नाही. दारापाशी एक स्टूल होतं, तेवढं त्याचं. खुर्च्या संकटाच्या दिवसासाठी होत्या.

आणि संध्याकाळी जेवताना तो हे सगळं बायकोला सांगायचा. "आज तिसऱ्या टेबलाचा वरचा खण अडकत होता गं. मेण लावलं. आता कसा सरकतो!" ती म्हणायची, "हं." "अगं, मृत्यूच्या दाखल्याचा शिक्का जन्माच्या डबीत गेला होता. कल्पना कर, आयत्या वेळी केवढा घोळ झाला असता." ती म्हणायची, "हं. भात घ्या." घरी तिचं शिवणकाम होतं. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. दिवसभर मशीन चालवून तिचे पाय दुखत असायचे. ती ऐकते की नाही, हे त्याने कधी बघितलं नाही. सांगण्याच्या भरात इतकं कुठे सुचतं?

घरात चेष्टा चालायचीच. मुलगी लहान असताना तिने शाळेच्या वहीत 'वडिलांचा व्यवसाय' या ओळीपुढे 'वाट बघणे' असं लिहिलं होतं. बाईंनी ते वाचून त्याला शाळेत बोलावून घेतलं. त्याने खुलासा केला, बाई पोट धरून हसल्या, आणि तो मात्र पूर्ण गंभीरपणे म्हणाला, "तसं चूक काही नाही त्यात."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, अकराव्या वर्षी, तपासणीला नवीन निरीक्षक बाई आल्या. करड्या शिस्तीच्या, नाकावर चष्मा, हातात वही. त्यांनी एका टेबलावरून बोट फिरवलं. धूळ नाही. दुसऱ्या टेबलावरून फिरवलं. तिथेही नाही. खण ओढून बघितले, जनरेटर चालू करून बघितला. तयाररावाची छाती दोन इंच फुगली.

"उत्तम ठेवलंय," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षांत वापर किती वेळा झाला?"

"एकदाही नाही, बाई."

"एकदाही नाही?"

"गावावर संकटच आलं नाही. म्हणजे ते चांगलंच झालं ना?"

"चांगलंच झालं," बाई वहीत लिहिता लिहिता म्हणाल्या, "पण ते काही तुमच्यामुळे झालं नाही."

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच झोंबलं. बाईंनी जाताना सांगितलं, की महिनाअखेर त्या आपला अभिप्राय लिहितील आणि आत्ता तरी त्यांचं मत ही जागा बंद करावी असंच आहे. त्याला मुख्य कचेरीत आवक-जावकला घेतलं जाईल. नोकरी जाणार नाही, काळजी नसावी.

काळजी नसावी! माणसाची अकरा वर्षं गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि वर म्हणायचं काळजी नसावी. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदा काही न सांगता जेवला. बायकोने दोनदा बघितलं. शेवटी तिने विचारलंच, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता काय? बंद करणार. म्हणजे मी अकरा वर्षं नुसती धूळ पुसली."

तिने ताटं उचलली. मग म्हणाली, "एखादं छोटंसं संकट यायला काय हरकत आहे? कुणाला काही होऊ नये, पण कचेरी तेवढी दोन दिवस बंद पडावी."

"जीभ आवर!" तो ताडकन म्हणाला. "असलं मनातसुद्धा आणायचं नाही."

पण मनात यायचं ते आलंच. दुसऱ्या दिवशी काही कागद द्यायला तो मुख्य कचेरीत गेला, तर जिन्याखाली लोंबणाऱ्या विजेच्या तारांकडे त्याची नजर गेली. मग छताच्या ओलीकडे गेली. मग समोरच्या झाडाकडे, की हे कधी पडेल का. आणि आपण काय बघतोय हे ध्यानात आल्यावर त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की त्याने तिथल्या तिथे शिपायाला बोलावून त्या तारा वर बांधून घेतल्या. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारा असा माणूस विरळा. पण तयारराव तसाच होता, त्याला काय करणार?

महिना संपत आला. आणि त्यातच त्याच्या दाढेने उचल खाल्ली. तशी ती दोन वर्षं ठणकत होती, पण दंतवैद्याकडे जायचं तर राखीव कचेरी कुणाच्या भरवशावर सोडायची? आराखड्यात त्याचा विचार केलेला होता. नवव्या पानावर एक रकाना होता: प्रमुख गैरहजर असल्यास पर्यायी व्यक्ती. तो रकाना अकरा वर्षं कोरा होता. दरवर्षी तयारराव त्याच्याकडे बघायचा, डोळ्यांपुढे एकेक माणूस आणायचा, आणि प्रत्येकाला नापास करायचा. हा विसराळू, तो आळशी, तिसऱ्याला शिक्क्यांतला फरक कळायचा नाही. म्हणून त्याने अकरा वर्षांत एकही रजा घेतली नव्हती.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना सकाळी उठला तो गाल टम्म फुगलेला, एक डोळा अर्धा मिटलेला. बायकोने बघितलं आणि ती मशीनवरून उठली.

"चला."

"अगं, दहाचा फोन..."

"करा घरूनच. आणि चला. दोन तासांत तिकडे काही आभाळ कोसळत नाही."

त्याने फोन केला. "राखीव कचेरी तयार आहे," असं तो म्हणाला, पण गालामुळे हॅलोताईंना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. त्यांनी सवयीने "बरं बाबा" म्हटलं. बायकोने त्याला दंतवैद्याच्या खुर्चीत नेऊन बसवलं, पळून जाणार नाही याची खात्री केली, आणि ती घरी परतली. अकरा वाजता एक बाई गणवेश घालून बघायला मुलाला घेऊन येणार होत्या.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मुख्य कचेरीवर माश्या आल्या.

पूर नाही, आग नाही. मधमाश्या! इमारतीला बाहेरून रंग द्यायचं काम चालू होतं. रंगाऱ्यांची परांची तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याखाली पोचली, आणि तिथे एवढं मोठं पोळं लोंबतंय हे कुणाच्या ध्यानात येण्याआधी बांबूचं टोक त्यात घुसलं. पुढच्या दोन मिनिटांत अख्खी कचेरी रस्त्यावर. निबंधक साहेब, त्या इमारतीचे मुख्य, टेबलावरचं कापड डोक्यावर घेऊन पळाले. कुणाचा कान सुजला, कुणाचा ओठ. निरीक्षक बाई त्याच वेळी वरच्या खोलीत बसून नेमका आपला अभिप्राय लिहीत होत्या, त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक माशी डसली. जिवावरचं कुणाचं काही नव्हतं, पण माश्या जागा सोडेनात. पोळं काढणारा माणूस आला, वर बघून म्हणाला, "तीन दिवस आत पाऊल टाकू नका."

त्या गोंधळात डोकं ठिकाणावर होतं ते एकट्या हॅलोताईंचं. त्यांनी समोरच्या दुकानातून राखीव कचेरीला फोन लावला. वाजत राहिला. मग घरी लावला.

"वहिनी, तयारराव आहेत का?"

"ते दाढ काढायला गेलेत. काय झालं?"

हॅलोताईंनी काय झालं ते सांगितलं, आणि म्हणाल्या, "साहेब आणि सगळे तिकडे निघालेत. वहिनी, आता कसं हो?"

इकडे तयारराव दंतवैद्याच्या खुर्चीत आडवा, तोंड उघडं, जबडा बधिर. दाढ निघाली. दंतवैद्याने कापसाचा मोठा बोळा दाबून बसवला आणि बजावलं, "दोन तास तोंड उघडायचं नाही. बोलायचं तर मुळीच नाही." त्याने मान डोलावली आणि तो बाहेर आला. बघतो तर रस्त्याने माणसं हातात कागद घेऊन चढाच्या दिशेने चाललेली. एकाने दुसऱ्याला विचारलं, "कुठे?" दुसरा म्हणाला, "नोंदणी कचेरी बंबखान्यात हलवलीय."

तयाररावाचा हात खिशात गेला. किल्ल्या खिशातच होत्या.

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? अकरा वर्षं हा माणूस त्या एका दिवसासाठी डोळ्यांत तेल घालून बसला. आणि तो दिवस आला तेव्हा हा तोंडात कापूस घेऊन दुसरीकडेच, आणि किल्ल्या याच्या खिशात. बंद दारापुढे सगळी कचेरी उभी असणार, सगळ्यांत पुढे निरीक्षक बाई. त्या मनगटावरच्या घड्याळात बघत असणार. तो पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, चढ, दुखरा जबडा. लोक वळून बघत होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते काही दाढेमुळे नव्हतं.

बंबखान्याचा जिना तो धापा टाकत चढला, आणि वरच्या पायरीवर थबकला.

दार उघडं होतं. दाराबाहेर तीसएक चपला-बुटांचे जोड, ओळीने लावलेले. आतून कागदांची सळसळ, शिक्क्यांचे ठपठप आवाज, आणि त्या सगळ्यावर एक ओळखीचा आवाज.

"तिसऱ्या टेबलावरचे साहेब, तो वरचा खण हलक्या हाताने ओढा. अडकतो तो. मेण लावलेलं आहे, पण हिसका देऊ नका. आणि अहो ताई, तो जन्माचा शिक्का नाही, तो मृत्यूचा! बाळाचा कागद आहे ना तुमच्या हातात? जन्माचा निळ्या डबीत. निळ्या. हं, तोच."

त्याची बायको खोलीच्या मधोमध उभी होती. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्यांचा दुसरा संच वेगळ्या ठिकाणी ठेवावा असं आराखड्यात होतं, म्हणून तो तिच्या बटणांच्या डब्यात पडलेला असायचा, हे तयाररावाच्या पार डोक्यातून गेलं होतं. हॅलोताईंचा फोन ठेवल्याबरोबर तिने डबा उपडा केला होता, अर्धवट गणवेशातल्या मुलाला तसंच उभं ठेवून "आलेच" म्हणाली होती, आणि साहेब पोचायच्या आधी दार उघडून, जनरेटर चालू करून, सोळा खुर्च्या पुसून मोकळी झाली होती. सही-शिक्क्याचं काम अर्थात कचेरीची माणसं करत होती. पण काय कुठे आहे हे त्या तीस माणसांत एकालाही ठाऊक नव्हतं, आणि हिला एकूण एक ठाऊक होतं. कुठल्या महिन्याचा गठ्ठा कुठल्या फळीवर, कुठलं पेन जरा गळतं, खिडकीची कुठली कडी वर उचलून मग ओढायची.

तिने त्याला दारात बघितलं. "आलात? बोलू नका. बसा."

निबंधक साहेबांनी स्वतः एक खुर्ची पुढे सरकवली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तयारराव त्या खुर्चीवर बसला. समोर एक तरणाबांड बाप हातात कागद धरून उभा होता, कपाळावर घाम. त्याला मुलीच्या जन्माची नोंद आजच्या आज हवी होती. बायकोला दवाखान्यातून सोडणार होते आणि तिचं माहेर लांब. कारकुनाने नोंद केली, शिक्का मारला, कागद फुंकून दिला. राखीव कचेरीच्या जन्माच्या वहीतली ती पहिली ओळ. बाप "आभार, आभार" म्हणत बूट हातात घेऊनच जिना उतरला. तयाररावाला हसायचं होतं, पण कापूस होता. मग त्याने नुसते डोळे पुसले.

तीन दिवस ती कचेरी गजबजून गेली. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी दुपारीच तयाररावाच्या नाकी नऊ आले. टेबलांवर चहाच्या कपांचे गोल डाग! पेनांची टोपणं चावलेली! टाचण्या जमिनीवर! तो ओलं फडकं घेऊन टेबलाटेबलाशी फिरत होता आणि पुटपुटत होता. बायको म्हणाली, "अहो, याचसाठी ठेवलं होतं ना सगळं?" तो म्हणाला, "हो, पण एवढं वापरायचं?"

चौथ्या दिवशी माश्या गेल्या, माणसंही गेली. मागे राहिल्या निरीक्षक बाई. नाकावरची सूज उतरली होती. त्या वही उघडून त्याच्यासमोर बसल्या. चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"मानलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुम्ही नसताना, आम्ही पोचल्यापासून पंधरा मिनिटांत कचेरी चालू झाली. पर्यायी व्यक्ती इतकी उत्तम तयार केलेली मी दुसरीकडे कुठे बघितली नाही. नवव्या पानावर त्यांचीच नोंद असेल ना? तेवढं लिहून घेते, की मग माझा अभिप्राय बदलायला हरकत नाही."

झालं होतं सगळं. नुसतं "हो" म्हणायचं होतं. पान उघडून दोन शब्द खरडायला किती वेळ लागतो? मेजावर पिवळा आराखडा होता, खिशात पेन होतं, बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तयाररावाने पेन काढलंही. मग परत खिशात ठेवलं.

"नाही, बाई," तो म्हणाला. "तो रकाना कोरा आहे. अकरा वर्षं कोरा आहे. मला कुणी लायकच वाटलं नाही. आणि तिला मी काही शिकवलेलं नाही. त्या दिवशी मी न कळवता गैरहजर होतो, हेही लिहा."

बाईंनी चष्मा काढला. "मग त्यांना हे सगळं आलं कुठून?"

"जेवताना सांगायचो मी. मला वाटायचं, ती ऐकत नाही."

निरीक्षक बाईंनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं: प्रमुख गैरहजर असतानाही कचेरी वेळेत सुरू झाली, सबब जागा कायम ठेवावी, नियम मोडल्याबद्दल प्रमुखाला समज द्यावी. "आणि हा रकाना," त्या वही मिटत म्हणाल्या, "सोमवारपर्यंत भरून पाठवा. त्यांची सही घेऊन."

तयारराव त्या संध्याकाळी घरी आला तो जवळजवळ उड्या मारतच. बायको मशीनवर होती. त्याने पिवळा आराखडा तिच्यासमोर उघडला, पेन पुढे केलं. "कर सही. राहिली आपली कचेरी! तुझ्यामुळे राहिली!"

तिने वाचलं. चेहऱ्यावर आनंद दिसत होता, लपवायचा प्रयत्न करत होती तरी दिसत होता. पण पेन काही घेतलं नाही.

"करते," ती म्हणाली. "आधी एक सांगा. मी आजारी पडले तर?"

"म्हणजे?"

"तुम्ही नव्हतात, तर तुमची कचेरी मी उघडली. उद्या मी नसले तर इथलं काय? मीठ कुठे असतं हो आपल्याकडे?"

तो हसत उठला. एक डबा उघडला, साखर. दुसरा, चहाची पूड. तिसऱ्यात सुया. चौथ्यात काय होतं ते त्याला ओळखूही आलं नाही. हसू हळूहळू मावळलं.

"त्या दिवशी मी ज्या मुलाला अर्ध्या गणवेशात उभं ठेवून आले, तो कुणाचा? पडद्यांचं कापड कुणाचं आलंय? हे मशीन मधेच अडतं, तेव्हा मी काय करते?"

त्याला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बंबखान्यातल्या सोळाही टेबलांचे खण डोळे मिटून सांगू शकणारा माणूस स्वतःच्या घरात नवख्यासारखा उभा होता. ती काही रागाने बोलत नव्हती. आवाज नेहमीचाच होता. म्हणून तर ते जास्त लागलं. अकरा वर्षं जेवताना तो बोलत होता आणि ती ऐकत होती. तिचा दिवस कसा गेला, असं त्याने एकदा तरी विचारलं होतं का? त्याने आठवून बघितलं. त्याला आठवेना.

तो गेला, कचेरीच्या पिशवीतून एक कोरी वही काढली, आणि मशीनशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला.

"सांग," तो म्हणाला. "तुझा दिवस. सकाळपासून."

ती हसायला लागली. "वही कशाला? वेडे की काय तुम्ही!" मग हसता हसता तिने टेपने उगाचच मांडीवरचं कापड मोजलं. "इतकं एकदम विचारलं तर कुठून सुरू करू?"

"कुठूनही कर."

तिने थोडा विचार केला. मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाली, "सकाळी तुम्ही गेलात ना, की पहिल्यांदा मी..." आणि ती सांगायला लागली. हळूहळू तिच्या बोलण्याला वेग आला, हात हलायला लागले, गिऱ्हाइकांच्या नकला सुरू झाल्या. स्वयंपाक राहिला होता, दोघांनाही भूक लागली होती. ती सांगत राहिली, आणि तो मधे एकदाही बोलला नाही.